झोप उडालेल्या माईला डबा नको, आधी तपासणी हवी

पहाटे चारला नळाला पाणी येते. त्या रांगेत उभ्या असलेल्या बायांपैकी कितीजणी रात्रभर झोपलेल्याच नसतात? गेल्या वर्षावासात विहारात आरोग्यावर बोलणे झाले, तेव्हा आम्ही हा प्रश्न विचारला. आधी सगळ्या गप्प. मग धुणीभांडी करणारी एक ताई म्हणाली, "रात्री दोनला अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. पोलकं भिजतं. पंख्याखाली बसावं तर थंडी वाजते. मग डोळ्याला डोळा लागत नाही." तिच्यामागून पाच-सहा जणींनी हात वर केले. बहुतेकींचे वय ४२ ते ५२. त्यातल्या दोघींनी ओळखीच्या बाईकडून 'हार्मोनची पावडर' घेतली होती. एका डब्याला अडीच हजार रुपये, तेही बचत गटातून उचललेले. झोप मात्र आली नव्हती.

आमचे म्हणणे सरळ आहे. या वयात झोप उडणे हे नखरे नाहीत, बाहेरचे काही नाही आणि 'डोक्यात फार विचार' एवढेच कारणही नाही. तो शरीरातला बदल आहे. त्यावर पहिला पैसा तपासणीवर जावा, पहिली मदत घरातून मिळावी. डबा-गोळीचा नंबर त्यानंतर.

आपल्याकडे पाळी जाण्याचे वय साधारण ४६-४७ च्या आसपास असते. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे धरतात. पण त्रास त्याच्या काही वर्षे आधीच सुरू होतो. अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन या काळात कधी वाढते, कधी घटते. मेंदूतला जो भाग अंगाची उष्णता सांभाळतो, तो त्यामुळे हळवा होतो. जराशी उष्णता वाढली तरी शरीर घाम काढून अंग थंड करायला लागते. भर झोपेत हे झाले की बाई जागी होते. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोन मेंदूला शांत करते. तेही कमी होते, म्हणून झोप कच्ची राहते.

पण प्रत्येक जागरण पाळीमुळेच असते असे नाही. थायरॉईड वाढले की छाती धडधडते, घाम येतो, झोप जाते. थायरॉईड कमी झाले की वजन वाढते, अंग जड होते, घोरणे वाढते. साखर वाढली की रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते. पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडकण्याचा आजारही बायांमध्ये वाढतो. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, सकाळी डोके जड असणे या त्याच्या खुणा. आणि अंगात रक्त कमी असणे तर आपल्या घराघरात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळले. लोह कमी असले की रात्री पडल्यावर पायांत वळवळ होते, पाय सारखे हलवावेसे वाटतात. अशी बाई झोपेची पावडर कितीही घेवो, पाय तिला झोपू देणार नाहीत.

म्हणून महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच, साखर आणि रक्तदाब एवढे तरी तपासून घ्या. डॉक्टरांना "अशक्तपणा आहे" एवढेच सांगू नका. रात्री किती वाजता जाग येते, घाम येतो का, पाळी कशी आहे, पाय वळवळतात का, हे मोकळेपणाने सांगा. पाळी गेल्यावर वर्षानंतर पुन्हा अंगावरून गेले, मग एक डाग का असेना, तर त्याच आठवड्यात दाखवा. ते कर्करोगाचेही लक्षण असू शकते.

आता डब्या-गोळ्यांविषयी. रक्ततपासणीत लोह कमी निघाले तर लोहाची गोळी खरेच उपयोगी आहे आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. ती चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम हाडांसाठी लागतात. पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टरांनी दिले तर जरूर घ्यावे, पण ती झोपेची गोळी नव्हे. मॅग्नेशियमने झोप येते असे सांगतात, पण त्याचा पुरावा कच्चा आहे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊच नये. तेच मॅग्नेशियम बाजरीच्या भाकरीत, तिळात, शेंगदाण्यात आणि पालेभाजीत आहे. सोयाबीनमधल्या घटकांनी काहीजणींच्या वाफा थोड्या कमी होतात. त्यासाठी महाग गोळी कशाला, आठवड्यातून दोन-तीनदा सोयावडीची भाजी करून बघा. अश्वगंधाने थोडी झोप सुधारल्याचे काही लहान अभ्यास आहेत. पण 'झाडपाला आहे, अपाय नाही' हे खरे नाही. क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती गडबड करू शकते.

ज्या पुडीवर काय घातले आहे ते लिहिलेले नाही, ती घेऊच नका. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले सापडले आहे. त्याने चार दिवस बरे वाटते आणि मग साखर वाढते, हाडे झिजतात. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणणेही थांबवा. तिची सवय लागते, ती एकदम सोडली तर त्रास होतो आणि रात्री उठताना तोल जाऊन पडायला होते. वाफांचा त्रास फारच असेल तर हार्मोनचे खरे औषध असते आणि त्याचा गुणही येतो. पण ते स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गाठ झालेल्यांना चालत नाही. म्हणून ते तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवायचे.

बिनपैशाचे उपायही आहेत. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. रात्रीची मिश्री तर बंदच करा, कारण तंबाखू मेंदूला जागे ठेवते. सुती कपडे घाला, निजण्याआधी मान आणि पाय ओल्या फडक्याने पुसा. झोप येत नसेल तर कुशी बदलत पडू नका. उठून बसा, श्वासावर लक्ष ठेवा आणि डोळे जड झाले की पडा. उठायची वेळ रोज एकच ठेवा.

पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसे, बारापर्यंत टीव्ही आणि चारला पाणी, यात हे कसे जमायचे? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच उत्तर एकट्या बाईकडे नाही. दहाला टीव्ही बंद करणे घरातल्या पुरुषांच्या हातात आहे. पाण्याच्या रांगेत आठवड्यातले तीन-चार दिवस मुलगा किंवा नवरा उभा राहू शकतो. खिडकीकडची, हवेची जागा माईला देता येते. याला एक रुपया लागत नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतिणीची विश्रांती हा समाजाच्या हिताचा प्रश्न मानला. मग पन्नाशीतल्या आईची झोप हा तिचा एकटीचा प्रश्न कसा?

आणखी एक. त्रास सांगायला गेलेल्या बाईला "पिशवी काढून टाका, कटकट संपेल" असा सल्ला काही ठिकाणी लगेच मिळतो. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या कमी वयात काढल्याचे उघड झाले आणि २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत, जास्त जोराने सुरू होतो. झोप येत नाही म्हणून पिशवी काढायची नसते. कोणी तसे सांगितले तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर महिला मंडळाने अर्धा तास यासाठी ठेवावा, अशी आमची विनंती आहे. ज्यांची झोप उडाली आहे त्यांची नावे घ्या आणि चार-पाच जणींनी मिळून एकाच दिवशी दवाखान्यात जा. एकटी बाई दवाखान्याच्या रांगेतून कामाच्या वेळेमुळे परत फिरते. चौघी असल्या की एक रांगेत थांबते, एक पोरे सांभाळते आणि तपासणी होऊन जाते.