स्वतःच्याच यंत्रावर कूळ

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला त्यांत लोहगड आहे. त्यानंतर तीन महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक-प्रणालीची नियमित देखभाल बंद केली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण लोहगडवाडीत त्या एकाच घरात येऊन पोहोचतात. गडाच्या जुन्या दगडाला जगाने वारसा म्हटले आणि पायथ्याच्या घरातील आठ वर्षांच्या लॅपटॉपला भंगार ठरविण्यात आले. हा लॅपटॉप म्हणजे पर्यटकांना पिठले-भाकरी खाऊ घालून, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या गर्दीत साठविलेला पैसा. त्यावर मळवलीहून लोकलने महाविद्यालयात जाणारा मुलगा शिकतो आणि त्याच्या पाठची बहीणही शिकते. यंत्र चालू आहे, पडदा शाबूत आहे, कळफलक धड आहे. तरी त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, कारण साधारणतः २०१८ पूर्वीचे प्रोसेसर कंपनीने आपल्या यादीतूनच वगळले आहेत. एका वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली, तीही कंपनीच्या अटींवर.

मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व त्यातून पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापर्यंत आले. ज्या मावळ्याच्या आजोबाने त्या कायद्यामुळे जमिनीवर हक्क मिळविला, त्याचा नातू आज पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या यंत्रावर कूळ आहे. ही अतिशयोक्ती नव्हे. विंडोज विकली जात नाही. ती वापरण्याचा परवाना दिला जातो, आणि हे कंपनीच्या करारपत्रातच लिहिलेले असते. खंड लॅपटॉपच्या किमतीत आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे तो वेगळा दिसत नाही. प्रणालीची आणखी एक प्रत काढण्यास येणारा खर्च जवळजवळ शून्य. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल की, जिथे सीमांत खर्च शून्य आणि किंमत भरभक्कम, तिथे नफा कौशल्याचा असण्यापेक्षा मक्तेदारीचा असण्याचा संभव अधिक.

यावर एक उपाय तरुण मंडळी सुचवितात. त्याच यंत्रावर दुसरी प्रणाली बसवावी, पहिली राहू द्यावी. यंत्राच्या साठवण-चकतीची भावाभावांत जमिनीची व्हावी तशी वाटणी करायची, एका तुकड्यावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स; यंत्र सुरू होताना कोणत्या घरात जायचे ते विचारते. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्याला मिळाली. ही प्रणाली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, वाटावी. जुन्या यंत्रावर ती पुष्कळदा विंडोजपेक्षा हलकी चालते.

मग विंडोज काढूनच का टाकू नये? कारण वाणिज्य शाखेच्या बहिणीला टॅली लागते आणि टॅली विंडोजवरच चालते. उलट संगणकशास्त्र शिकणाऱ्या भावाला प्रात्यक्षिकासाठी लिनक्सच बरी. म्हणजे दोन प्रणाली ही चैन नव्हे; एका लॅपटॉपमध्ये दोन मुलांचे शिक्षण भागवू पाहणाऱ्या घराची ती निकड आहे.

इथपर्यंत सारे ठीक. परंतु ‘बसवा आणि मुक्त व्हा’ असे सांगणाऱ्या उत्साही मित्रांनी थोडे थांबून विचार करावा. पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसती चालवून पाहण्यात फारसा धोका नाही. चकतीला हात लागत नाही. धोका आहे तो वाटणीत. काम चालू असताना वीज गेली (लोहगडवाडीच्या आषाढ-श्रावणात हे वेगळे सांगायला नको) आणि बॅटरी थकलेली असली, तर दोन्ही घरे एकदम कोसळतात. नव्या लॅपटॉपवर चकती बहुधा कुलूपबंद येते. वाटणीनंतर यंत्र अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते, आणि ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. खाते दुकानदाराने उघडून दिलेले असले तर किल्ली कोणाकडे मागायची? ज्याच्या घरी दुसरे यंत्र आहे त्याच्यासाठी हा एका संध्याकाळचा खेळ आहे. ज्याच्या घरी एकच आहे त्याच्यासाठी तो सत्राचा प्रश्न आहे. निवड कागदावर दोघांनाही सारखीच मिळालेली असते. पण निवडीतली चूक परवडणे ही गोष्ट मात्र वर्गाप्रमाणे बदलते. मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांच्या लिखाणात नेमका हा मुद्दा गळतो, आणि म्हणूनच त्यांची चळवळ शहरातील सुखवस्तू वसाहतींच्या बाहेर फारशी पडत नाही.

बरे, सगळे नीट पार पडले तरी जुना मालक गप्प बसतो असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या सुरक्षा-सुधारणेने असंख्य दोन-प्रणाली यंत्रांवरील लिनक्स सुरूच होईनाशी केली. अशा यंत्रांना ही सुधारणा लागू होणार नाही, असे कंपनीने आधी सांगितले होते. हेतू सुरक्षेचा होता हे मान्य करू या. परंतु शेजाऱ्याच्या दाराला आपल्या घरातून कडी घालता येते, ही व्यवस्थाच मुळात कोणी मान्य केली?

‘लोकांना विंडोजच हवी आहे, बाजाराने कौल दिला आहे,’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. इतिहास वेगळे सांगतो. एके काळी मायक्रोसॉफ्टचे उत्पादकांशी असे करार होते की, प्रत्येक संगणकामागे कंपनीला पैसे द्यावयाचे, मग त्यावर तिची प्रणाली असो वा नसो. अमेरिकी न्यायखात्याशी १९९४ मध्ये झालेल्या समझोत्याने ही प्रथा थांबली. पुढे बी इन्कॉर्पोरेटेड या छोट्या कंपनीने २००२ मध्ये दावा लावला. आपली प्रणाली विंडोजच्या जोडीने त्याच यंत्रावर देण्यास उत्पादकांना करारांनी अडविले, अशी तिची तक्रार होती. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष कबूल न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटविले. तोवर बी कंपनी बुडालेली होती. दुकानात दोन प्रणालींचा लॅपटॉप का दिसत नाही, याचा उलगडा करताना केवळ गिऱ्हाइकाच्या आवडीकडे बोट दाखविणारांनी हा दावा वाचावा.

आणि शासन? प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ पासून पुण्यात आहे, लोहगडापासून फार दूर नाही. त्याच संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली दिली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण उत्तम, प्रणाली उपलब्ध. आणि महाराष्ट्रातील लक्षावधींनी दिलेल्या एमएस-सीआयटी परीक्षेत शिकविले जाते ते विंडोज, वर्ड आणि एक्सेल! नोकरीच्या अटीत बसणारी साक्षरता एका परदेशी कंपनीच्या मालाची ओळख होऊन बसली. केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. तिथे कोणा मुलाला घरचा एकुलता एक लॅपटॉप पणाला लावावा लागला नाही. शिक्षक आधी तयार झाले, यंत्रे शाळेची होती, बिघाड झाला तर तो शाळेचा होता. धोका समाजाने उचलला की विद्यार्थ्याच्या गळ्यात मारला, खरा फरक एवढाच आहे.

तेव्हा मावळातील कार्यकर्त्यांनी घरोघर लिनक्स बसवीत फिरण्यापूर्वी लोणावळा-तळेगावच्या प्राचार्यांकडे निवेदन घेऊन जावे. प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्रावर दोन्ही प्रणाली असाव्यात; ग्रंथालयातून पुस्तकासारखा लिनक्सचा पेनड्राइव्ह आठवडाभर घरी मिळावा; ज्याला वाटणी करावयाची त्याची सारी कामे आधी महाविद्यालयाने जपून ठेवावीत आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्तीपर्यंत बदली यंत्र द्यावे; अभ्यासक्रमाने तक्ता करावयास शिकवावे, अमुक कंपनीचा तक्ता नव्हे. गावात शिबिर घ्यायचेच असेल तर ते पावसाळ्यानंतर आणि आठवड्यातील मधल्या वारी घ्यावे. शनिवार-रविवारी लोहगडवाडीतील मुले गिऱ्हाइकांच्या ताटात भाकरी वाढत असतात.