दगडाचं बिल

गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेतला की हॉलच्या कोपऱ्यात बघतो आणि एकच प्रश्न विचारतो, "अरे, त्या टँकमध्ये समुद्र कधी येणार?" आत्या तर फोनवरही विचारते. त्यात भर म्हणजे परवा धाकट्या मामेभावाने त्याच्या नव्या फ्लॅटचा नकाशा पाठवला. टीव्हीशेजारी एक चौकोन काढून त्यात 'रीफ टँक, ४ फूट' असं लिहिलंय. सोबत निरोप, "दादा, तुझी सगळी यादी पाठव. लगेच ऑर्डर देतो."

यादी पाठवतो रे बाबा. पण यादीच्या खाली जे सांगायचंय ते एका निरोपात मावणारं नाही, म्हणून ही पोस्ट. आत्यालाही परस्पर उत्तर मिळेल.

आधीच सांगतो, मी या छंदाचा शत्रू नाही. लहानपणी मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभा राहिलो, तेव्हापासूनचं हे वेड आहे. गोड्या पाण्याचे टँक पंधरा वर्षं सांभाळले. मग वाटलं, आता खारं पाणी. आणि नुसतं खारं नाही, तर प्रवाळ, त्यात लपणारे मासे, लाटांवर डुलणारं सगळं. दोनशे पानी वही घेतली आणि दोन वर्षं ती भरत बसलो. घरात त्या वहीला 'समुद्रमंथन' असं नाव पडलं. (नाव ठेवणारी व्यक्ती ही पोस्ट वाचणार आहे, त्यामुळे पुढे काही लिहीत नाही.)

तर यादी. चार बाय दोन बाय दोन फुटांचा टँक म्हणजे साधारण ४५० लिटर. काच, स्टँड, दगड आणि खालचा सम्प धरला तर वजन सातशे किलोंच्या पुढे जातं. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून बांधतात आणि हा टँक पाऊण चौरस मीटरवर उभा राहणार. म्हणजे लगेच खालच्या जोशीकाकूंच्या स्वयंपाकघरात उतरेल असं नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण तो बीमजवळ ठेवायचा की मध्ये, हे इंटिरियरवाल्याला विचारू नकोस, स्ट्रक्चरल इंजिनीयरला विचार.

मग पाणी. नळाचं चालत नाही. टँकरचं तर नाहीच. आरओ आणि त्यापुढे डीआय लावून टीडीएस शून्यावर आणायचा आणि त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने खास मीठ. टँक आणि सम्प मिळून ५५० लिटर धरले, तर पहिल्याच भरणीला वीसेक किलो. रोज चार-पाच लिटर पाणी उडून जातं, पण मीठ मागे राहतं. म्हणून तेवढं गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र. घाण फेसात पकडणारा प्रोटीन स्किमर. लाटांसाठी दोन वेव्हमेकर. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळाला प्रकाश हवा म्हणून दिवे. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला चिलर, कारण पुण्याचा एप्रिल-मे तुला माहीत आहे. कॅल्शियम, अल्कलिनिटी, मॅग्नेशियम मोजायची किट्स आणि ते रोज थेंबथेंब सोडणारा पंप.

दोन गोष्टी दुकानदार सांगत नाहीत, त्या लिहून ठेव. एक, वीज गेली की टँकमधलं थोडं पाणी ओव्हरफ्लोतून खाली सम्पमध्ये उतरतं. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी ठेवली नसशील तर हॉलमध्ये पोहायला मिळेल. दोन, इन्व्हर्टरवर दिवे नको, वेव्हमेकर लाव. चार तास अंधार चालतो, चार तास साचलेलं पाणी चालेलच असं नाही.

माझ्या वहीत बेरीज अडीच लाखांवर गेली, आणि अजून एकही जीव आत आलेला नव्हता! वही पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. यातलं प्रत्येक यंत्र समुद्र जे फुकट करतो त्याचं बिल आहे. भरती-ओहोटीचं बिल वेव्हमेकर, खोलीचं बिल चिलर, पावसाचं बिल ते आपोआप पाणी भरणारं यंत्र. तरी मी म्हटलं ठीक आहे, हौसेला मोल नसतं. टँक बनवून घेतला, स्टँड आला.

मग यादीतली शेवटची ओळ उरली. प्रवाळ.

एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाहीच. मालकाने आतल्या खोलीत नेलं. निळ्या प्रकाशात एका टबमध्ये तळहाताएवढे तुकडे ठेवलेले होते. हिरवे, जांभळे, मध्येच एक केशरी. खोटं कशाला बोलू, बघताक्षणी जीव जडला. एक पिशवीत भरून घेतला. पिशवी हातात, पाकीट अर्धं बाहेर, आणि सवयीने विचारलं, "बिल मिळेल ना?"

मालक हसला. "मिळेल की. बिलावर शोभेचा दगड लिहून देतो."

आयुष्यभर हिशेब तपासण्यात गेलेल्या माणसाला हे वाक्य पुरलं. ज्या वस्तूचं खरं नाव बिलावर लिहिता येत नाही ती वस्तू घरात का आणायची? पिशवी परत दिली. घरी येऊन, खरं तर दोन वर्षांपूर्वीच वाचायला हवं होतं ते वाचलं.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं आहेत. काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, समुद्रपंखेही आहेत. समुद्रघोडेसुद्धा. म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. शिक्षा तीन ते सात वर्षं. जिवंत की मेलेलं यानेही सुटका होत नाही, कपाटात ठेवलेला सांगाडासुद्धा त्यातच येतो. परदेशातून आलेलं म्हणावं तर कठीण प्रवाळं 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्याचे कागद लागतात. कागद मागितले की दुकानात सगळ्यांनाच अचानक कामं आठवतात.

२०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरची प्रवाळं आड आली, तेव्हा ती दुसरीकडे हलवायला महापालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली. एवढ्या मोठ्या महापालिकेला जे जागचं हलवायला परवानगी लागते, ते आपण पिशवीत घालून रिक्षातून आणणार!

आता मामेभाऊ काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण हेच मी स्वतःशी महिनाभर म्हणत होतो.

"तू नाही घेतलास तर दुसरा घेईल. ते तर तुटलेलंच आहे." बरोबर, तो तुकडा तुटलेला आहे. पण पुढचा तुटायचाय. रिकामा झालेला टब भरण्यासाठीच कोणीतरी पुन्हा छिन्नी घेऊन पाण्यात उतरतो. आपण विकत घेतो ती खरं तर पुढची ऑर्डर असते.

"न्यू जर्सीच्या ताईकडे नाही का?" आहे, आणि सुंदर आहे. पण तिच्या टँकमधलं प्रत्येक प्रवाळ दुसऱ्या कोणाच्या टँकमधल्या प्रवाळाचा तुकडा कापून, छोट्या चकतीवर चिकटवून वाढवलेलं आहे. मनीप्लँटची फांदी शेजाऱ्याला द्यावी तसं. तिला माझा विरोध नाही. आपल्याकडे मात्र 'टँकमध्ये वाढवलेलं' हे दुकानदाराच्या तोंडचं वाक्य असतं, त्यामागे कागद नसतो.

"समुद्र मरतोच आहे, निदान आपल्या घरी चार प्रवाळं जगतील." हा युक्तिवाद सगळ्यात गोड, म्हणून सगळ्यात वाईट. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि पुन्हा २०२३ पासून जगभरची प्रवाळं उष्णतेने पांढरी पडली. २०२४ मध्ये आपल्या लक्षद्वीपमध्येही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त आणि तेही काही आठवडे राहिलं, तरी प्रवाळ आपलं शेवाळ बाहेर टाकतं आणि उपाशी मरायला लागतं. आणि यावर माझा उपाय काय? तापणाऱ्या समुद्रातून ते उचलायचं आणि हॉलमध्ये चिलर लावून थंड ठेवायचं. चिलरची गरम हवा खिडकीबाहेर! जो जीव एका अंशाने मरतो तो माझ्या इन्व्हर्टरच्या भरवशावर ठेवणं याला संवर्धन म्हणत नाहीत, हौस म्हणतात. हौस असावी, पण तिला नाव खरं द्यावं. नाहीतर आपल्यात आणि 'शोभेचा दगड' लिहिणाऱ्यात फरक काय?

तर आत्या, समुद्र काही येणार नाही.

पण टँक रिकामाही राहिला नाही. गेल्या महिन्यात त्यात पाणी भरलं. भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे दगड रचले. सहा आठवडे नुसतं पाणी, जिवाणू वाढू दिले, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबलो. लेक रोज विचारायची, "बाबा, पाण्याकडे काय बघता?" मग दोन क्लाउनफिश आणले, प्रजनन केंद्रात जन्मलेले. हे मासे आपल्या देशात मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रातही वाढवून दाखवलेले आहेत, त्यासाठी कोणाला समुद्रातून पकडावं लागत नाही. त्यांना जगायला समुद्रफूलही लागत नाही. आमची जोडी तर वेव्हमेकरच्या मागच्या कोपऱ्यालाच घर समजते. बिलावर 'क्लाउनफिश, नग २' असं स्वच्छ लिहिलंय. ते बिल मी वहीत चिकटवलं.

लेकीला सांगितलं की या जोडीतली मोठी असते ती मादी, आणि ती गेली तर नराचीच मादी होते. ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "म्हणजे 'फाइंडिंग निमो'मधल्या बाबांची खरं तर आई व्हायला पाहिजे होती!" अडीच लाखांचा टँक केला असता तर याहून चांगलं वाक्य घरात ऐकू आलं असतं असं मला वाटत नाही :-)

प्रवाळ बघायचंय ना? थंडीत मालवणला चल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहे. पाणी कधी गढूळ असतं, रंग दुकानातल्या निळ्या दिव्याखाली दिसतात तसे दिसत नाहीत. पण तिथे चिलर लागत नाही आणि इन्व्हर्टरही. फक्त हात लावायचा नाही आणि वर पाय ठेवायचा नाही.

आणि नकाशातला तो चौकोन खोडू नकोस. फक्त 'रीफ' हा शब्द खोड. वही हवी असेल तर रविवारी ये, तिकडेच जेव.