सुभेदाराची बंदूक आठवते, पाटी कां आठवत नाहीं?

पलटणींतून पेन्शन घेऊन आलेला माणूस गांवच्या वेशीवर उतरला कीं वाजंत्री वाजते, शालजोडी निघते, आणि पुढाऱ्यांच्या तोंडून तोफांचे बार सुटूं लागतात. याविषयीं आमची तक्रार नाहीं. ज्यानें अंगावर वार झेलले त्याचा मान झालाच पाहिजे. परंतु त्याच माणसानें पलटणींत राहून शेंकडों पोरांच्या हातीं पाटी दिली असेल, तर ती गोष्ट या भाषणांत कां येत नाहीं? बंदूक तेवढी मर्दाची आणि खडू काय बायकांचा, असा कांहीं आमच्या पुढाऱ्यांचा समज झाला आहे काय?

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचें उदाहरण घ्या. रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे गांवचें हें महार घराणें. बाप मालोजी फौजेंत, मुलगाही फौजेंत. आज विचारलें तर दहांतले नऊजण सांगतील कीं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील. बरोबर आहे, पण एवढ्यानें भागत नाहीं. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलांत शिकून मास्तर झाले आणि पुढें १४ वर्षें त्यांनीं लष्करी शाळेंत हेडमास्तरकी केली. म्हणजे १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या छावणींत भीमराव जन्मले ते मास्तराच्या घरांत जन्मले.

बाबासाहेबांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे कीं, कंपनीच्या फौजेंत देशी शिपायांस व त्यांच्या मुलामुलींस शिक्षण सक्तीचें होतें. मुलींससुद्धां! वाचकहो, ही गोष्ट ध्यानांत धरा. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनापुढें मागणी केली कीं, बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, कारण सरकारी तिजोरी भरतो कुणबी आणि त्या पैशावर शिकतात वरचे लोक. तेव्हां काय उत्तर मिळालें? सक्ती या देशांत चालावयाची नाहीं! अहो, जी गोष्ट छावणीच्या तारेआंत चालत होती, ती तारेबाहेर कां चालूं नये? कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं सक्तीचा कायदा केलाच ना? चालविणाराच्या मनांत असलें कीं चालतें.

येथें एक गोष्ट साफ सांगतों. इंग्रजाच्या दयेचा पोवाडा आम्हांस गावयाचा नाहीं. त्यास हुकूम वाचणारा आणि हिशेब ठेवणारा शिपाई पाहिजे होता, म्हणून त्यानें शाळा घातली. गरज सरतांच वैद्य मेला. १८९२ सालीं महारांची फौजेंतील भरती बंद झाली. कोरेगांवच्या जयस्तंभावर ज्यांच्या वाडवडिलांचीं नांवें त्याच इंग्रजानें कोरलीं, ते एका रात्रींत लढण्यास नालायक ठरले. भाकरीचें दार बंद झालें, आणि भाकरीबरोबर येणारी पाटीही गेली. पुढें महायुद्धांत माणसें कमी पडलीं तेव्हां १९१७ सालीं महारांची पलटण उभी केली, आणि लढाई आटोपल्यावर १९२१ सालीं ती मोडून टाकली!

भरतीबंदीच्या हुकमाविरुद्ध रामजींनीं अर्जाची खटपट केली. त्या कामीं न्यायमूर्ती रानड्यांनीं मसुद्यास मदत केली. ज्याचें श्रेय त्यास देण्यास आमची ना नाहीं. दापोलीस दुसरे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर हेही लेखणी उगारून बसलेच होते. त्यांनीं १८८८ सालीं ‘विटाळ विध्वंसन’ हें पुस्तक काढलें होतें आणि १८९४ सालीं भरतीसाठीं विनंतिपत्र लिहिलें. याच दापोलींत त्या दशकांत पेन्शनर शिपायांनीं आपल्या पोरांसाठीं शाळेंत जागा मागितली, तेव्हां गांवच्या शहाण्यांनीं तोड काढली ती अशी कीं, पोरांनीं ओट्यावर बसावें. ज्यांच्या बापांनीं लढाईंत पुढें उभें राहावें, त्यांच्या पोरांनीं शाळेंत बाहेर बसावें!

रामजींच्याही कपाळीं तेंच आलें. पेन्शनीनंतर ते साताऱ्याकडे नोकरीस गेले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमरावांचें नांव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत दाखल झालें. १४ वर्षें हेडमास्तरकी केलेल्या माणसाचें हें पोर! तें घरून गोणपाट नेई, कोपऱ्यांत अंथरी आणि संध्याकाळीं परत आणी, कारण शाळेच्या झाडूवाल्यासही त्या गोणपाटाला हात लावावयाचा नव्हता. पाणी शिपायानें वरून ओतावें. शिपाई नसला तर त्या दिवशीं पाणी नाहीं. न्हाव्याची कात्री चालेना म्हणून केस बहीण कापी. सुभेदारकी, हेडमास्तरकी, पेन्शन या सर्वांचें वजन एका गोणपाटाइतकेंही भरलें नाहीं.

म्हणून मास्तर खचला काय? मुळींच नाहीं. हॉवर्डचीं इंग्रजी पुस्तकें आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन त्यांनीं मुलाला घरीं घोटून घेतलें. मुंबईस परळच्या चाळींतील एका खोलींत ते रात्रीं दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासास उठवीत. मुलानें पुस्तक मागितलें आणि गांठीं पैसा नसला, कीं लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागावा, तो गहाण टाकावा आणि पेन्शन आली कीं सोडवून परत करावा. त्या लेकींचाही या विद्येंत हिस्सा आहे. सत्काराच्या भाषणांत त्यांचें नांव आम्हीं तरी कधीं ऐकलें नाहीं. १९०७ सालीं मुलगा मॅट्रिक झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजीं सुभेदार वारले.

हें सर्व आज कां उकरून काढलें, असें कोणी विचारील. ऐका. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालापासून ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ ठरविला. फार चांगलें केलें. परंतु त्याच सरकारनें २०२३ सालीं वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागविले. धनगराचा वाडा, ठाकरांची वाडी, डोंगरांतला पाडा, येथें वीस पोरें आणावयाचीं कोठून? २००९ चा शिक्षणहक्क कायदा लहान मुलांची शाळा जवळ असावी म्हणतो. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पांचवीसाठीं एक किलोमीटरचें अंतर लिहिलें आहे. आणि हे कागदावर गाडी काढून देतात! श्रावणांत ओढा भरला म्हणजे ती गाडी उडत येणार काय?

कैवारी म्हणतील, मोठ्या शाळेंत मास्तर जास्त, प्रयोगशाळा, खेळाचें मैदान. चार पोरांच्या शाळेंत कसली विद्या? मोठी शाळा जरूर काढा, आम्ही नको म्हणत नाहीं. पण वाडींतली मोडून नव्हे. आणि पटाचाच हिशेब करावयाचा तर परळच्या त्या खोलींतल्या शाळेचा पट किती होता? एक! मास्तर खरा असला म्हणजे एका पोरावरही शाळा चालते. तो मास्तरच वाडींतून उचलून नेला तर पोर आधीं म्हशीमागें जातें आणि पोरगी धाकट्या भावंडामागें घरीं राहते.

तेव्हां शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार बंधूंनो आणि भगिनींनो, पुढच्या ग्रामसभेस घरांतल्या सर्वांनीं जा. आपल्या वाडीच्या शाळेचा पट किती, मास्तर किती, रिकाम्या जागा किती, आणि शाळा हलविली तर पहिलीचें पोर कोणता ओढा ओलांडून किती चालणार, हें मोठ्यानें विचारा. उत्तर तोंडीं घेऊं नका; ठरावाच्या वहींत लिहून घ्या, आणि सही करण्याआधीं घरांतल्या शिकल्या पोरीकडून तें वाचवून घ्या.