बैलाला सावली, मग पोराला ऊन का?



होळी संपली की आमच्या चंद्रपूर भागात सूर्यनारायण डोळे वटारू लागतो. वैशाखात पारा 45 अंशांवर जातो. जो तो सांगतो, "उन्हात हिंडू नका रे पोट्टेहो!" सांगणे योग्यच आहे. पण त्याच घरातून भर दुपारी बारा वाजता हाक येते, "जा, बाबांचा डबा शेतावर देऊन ये." आता आम्ही कोणते ऐकावे?

मागल्या वर्षी मे महिन्यात मी व माझा धाकटा भाऊ असेच डबा घेऊन गेलो. परत येताना त्याचे डोके दुखू लागले. उलटी झाली, अंग तव्यासारखे तापले व तो काहीबाही बरळू लागला. आजीने त्याच्या खिशात कांदा ठेवला होता. तो खिशातच राहिला. मी ओरडले, तशी शेतातली माणसे धावली. गावच्या आशाताई आल्या. त्यांनी त्याला कडुलिंबाखाली निजवून अंग ओले केले, पदराने वारा घातला व 108 क्रमांकाची गाडी बोलावली. भाऊ वाचला. पण त्या दिवशी मी फार भ्याले.

नंतर आशाताईंनी मला समजावून सांगितले. आपल्या शरीराचे तापमान 37 अंशांच्या आसपास असते. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होते. ऊन फार झाले व अंगातले पाणी कमी पडले की शरीराचा हा उपाय चालत नाही. ताप 40 अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. म्हणून कांदा खिशात ठेवण्यापेक्षा भाकरीबरोबर खावा, असे माझे मत आहे.

काही मोठी माणसे म्हणतात, "काहून भेता उन्हाले? आम्ही उन्हातच वाढलो." मला ते पूर्ण पटत नाही. तेंदूपत्ता तोडणारे लोक पहाटेच जंगलात जातात. आपली शाळासुद्धा उन्हाळ्यात सकाळची भरते. शेतकरी दुपारी बैल सोडून झाडाखाली बांधतो. बैलाला सावली, मग पोराला ऊन का? आणि बाबांना तरी का?

मे 2010 मध्ये अहमदाबाद शहरात पारा 46 अंशांच्या वर गेला व पुष्कळ माणसे दगावली. त्यातून शहाणे होऊन त्या शहराने 2013 साली उन्हाळ्यासाठी योजना आखली. लोकांना आधी इशारा द्यायचा, पाण्याची सोय करायची व दवाखाने तयार ठेवायचे. तहान लागल्यावर विहीर खोदायची नाही, हाच त्यातला धडा आहे. एवढे मोठे शहर करू शकते, तर आपले लहानसे गाव का करू शकणार नाही?

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. डबा सकाळी कामावर जातानाच सोबत न्यावा. दुपारी बारा ते चार कोणतेही काम ठेवू नये व मुलांनाही पाठवू नये. हवामान खात्याने नारंगी किंवा लाल इशारा दिला, तर तो ग्रामपंचायतीने भोंग्यावरून सांगावा.

मित्रांनो, आपणही आपले काम करू. बाहेर जाताना डोक्याला दुपट्टा बांधू व पाण्याची बाटली घेऊ. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिऊ. घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे घेऊ. शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या माठात पाणी आहे का, ते रोज पाहू.

शिर सलामत तो पगडी पचास! राहिलेले काम उद्या सकाळीही होते. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 7 वी