विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

मराठी भाषेस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजातपणाचा दर्जा मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, पुण्यास फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात पुस्तक महोत्सव प्रथम भरला आणि लोकांनी पिशव्या भरभरून पुस्तके घरी नेली. दोन्ही गोष्टी अभिनंदनीय आहेत. परंतु उत्सव आटोपल्यावर एक रोकडा प्रश्न विचारणे आम्हांस भाग आहे. घरी नेलेली ही पुस्तके पुढे कोठे जातात? बहुतेक घरांतून उत्तर एकच मिळेल: काचेच्या कपाटात. एकदा वाचून, किंवा पुष्कळदा न वाचताच, ती तेथे विराजमान होतात आणि घरधन्याच्या रसिकतेची साक्ष देत धूळ खातात.

थोडा हिशेब करून पाहू. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे मराठी ही ज्यांची मातृभाषा आहे असे लोक सुमारे ८ कोटी ३० लक्ष. म्हणजे ८३ हजार माणसांमागे एक प्रत पडली. ती एक प्रतही जर कुलपात गेली, तर त्या ग्रंथाचा जन्म होऊन न झाल्यासारखाच समजावा. पेठेतल्या व्यापाऱ्यास हे समजावून सांगावयास नको. वखारीत पडलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल, हे तो आपल्या मुलास पहिल्या दिवशी शिकवतो. परंतु तोच गृहस्थ घरी आल्यावर विद्येचे भांडवल अडकवून ठेवतो, याचे आम्हांस नवल वाटते.

आमच्या पूर्वजांस हे तत्त्व ठाऊक होते. पुण्यात १८४८ साली नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तीत लोकहितवादींचा पुढाकार होता. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. ठाण्यास १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी मराठी ग्रंथ संग्रहालय काढले, आणि पाठोपाठ १८९८ साली मुंबईसही तसेच संग्रहालय निघाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नामक अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, आणि त्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव विनामूल्य फिरू लागल्या. पुढे शंभर वर्षांनी, २००९ साली, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना काढून तीच पेटी पुन्हा चालती केली. ती दुबईतील मराठी घरांपर्यंत जाऊन पोहोचली आहे. लोकांस पुस्तके नकोत, हा आक्षेप येथेच निकालात निघतो.

याविरुद्ध तीन हरकती घेतल्या जातात. पहिली, ‘दिलेले पुस्तक परत येत नाही.’ हे काही अंशी खरे आहे. पण उधारी बुडते म्हणून कोणी दुकान बंद केले आहे काय? तो खातेवही ठेवतो. तशीच एक वही पुस्तकांचीही ठेवावी.

दुसरी हरकत अशी की, एकाने घेऊन दहांनी वाचल्यास लेखकाचे नुकसान होते. येथे कायदा काय म्हणतो ते पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे नव्या प्रती प्रचारात आणण्याचा हक्क ग्रंथकाराचा. मात्र एकदा विकली गेलेली प्रत ही प्रचारात आलेलीच समजावी, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण आहे. सबब विकत घेतलेली प्रत शेजाऱ्यास वाचावयास देण्यात कायद्याचा यत्किंचितही भंग नाही. याउलट संपूर्ण ग्रंथाची छायाप्रत काढून ती भ्रमणध्वनीवरून शेकडो लोकांस धाडणे म्हणजे नव्या प्रती उत्पन्न करणे होय. तिला वाचनप्रसार हे गोंडस नाव देऊन भागत नाही. ती लेखकाच्या कष्टांची चोरी आहे. एका प्रतीचे दहा वाचक झाले तर त्यांतून उद्याचे दोन ग्राहक निपजतात. चोरीच्या शंभर प्रतींतून फुकटेपणाची सवय तेवढी निपजते.

तिसरी हरकत, ‘हे काम ग्रंथालयांचे आहे, आमचे नव्हे.’ ग्रंथालयांची स्थिती आम्ही जाणतो. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालय-कराची तरतूद केली; महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने ती केली नाही, म्हणून आमच्या वाचनालयांची दृष्टी सरकारी अनुदानाकडे लागलेली असते. तथापि अनुदानाशी संबंध नसलेला एक दोष आमच्या परिचयाच्या वाचनालयांत आम्ही पाहिला आहे. नवे पुस्तक आले की ते प्रथम चालकांच्या घरी जाते, मग त्यांच्या स्नेह्यांकडे, आणि साधा वर्गणीदार केवळ नाव ऐकून राहतो. नव्या पुस्तकांची यादी आठ दिवसांत दाराशी लागली पाहिजे, आणि मागणीच्या वहीत ज्याचे नाव आधी त्यास पुस्तक आधी, मग तो वकील असो वा हमाल.

कारण खरा प्रश्न पुस्तकांचा नसून माणसांचा आहे. आपण पुस्तक देतो ते बहुधा आपल्यासारख्यालाच: आपल्या जातीच्या, आपल्या पगाराच्या, आपल्या पेठेतल्या माणसाला. दुकानातला गुमास्ता, परीक्षेसाठी खोली घेऊन राहिलेला खेड्यातला विद्यार्थी, दुपारची दोन तास मोकळी असणारी शेजारची सून, घरी स्वयंपाकास येणाऱ्या बाईची शाळेत जाणारी मुलगी, यांच्यापर्यंत आपले कपाट कधी उघडते काय? स्वराज्यात मताचा हक्क सर्वांस सारखा मिळाला; मत बनविणारी साधने मात्र काचेआड ठेवावयाची, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक आळीतल्या दहा घरांनी एकत्र यावे. वर्षात घेतलेल्या नव्या पुस्तकांपैकी निदान दोन दोन प्रत्येकाने काढावीत, ती एखाद्या दुकानाच्या फळीवर ठेवावीत, एक वही घालावी, मुदत तीन आठवड्यांची ठेवावी, आणि अनामत मागू नये. वीस पुस्तके आणि एक वही, एवढ्यावर काम सुरू होते. दहा घरांखेरीज इतर कोणी मागावयास आला, तर त्याचे नाव त्याच वहीत, त्याच शाईने लिहावे.

कायद्याच्या दृष्टीने विकत घेतलेले पुस्तक घेणाराचेच आहे, यात वाद नाही. परंतु मालकी सिद्ध करावयास पावती पुरते. पुस्तकाचे सार्थक व्हावयास दुसरा वाचक लागतो. तो बहुधा आपल्या दारावरूनच रोज जात असतो.