फोन बंद ठेवा, पल्सार ऐकायचाय

मंडळी, गेल्या रविवारी नारायणगावच्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला. तक्रार नेहमीचीच, "तुम्ही रायपूरचे लोक इकडे फिरकतच नाही." मी म्हटलं, "अगं मावशी, आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्यापर्यंत येता येतं गं, पण पुढे चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा जीव जातो." त्यावर ती उसळलीच. "पुणे-नाशिक रेल्वे येणार होती की आमच्याकडून! त्या खोडदच्या छत्र्यांनी अडवली."

छत्र्या म्हणजे जीएमआरटी, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. नारायणगावजवळच्या खोडद गावातली ही दुर्बीण जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. मी बी.ए. इंग्रजीवाली, फिजिक्सशी माझं दहावीतच वाजलं. पण मावशीचा राग बघून वाचायला बसले आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलंच नाही.

एकूण ३० डिश आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ एकमेकींच्या जवळ, बाकीच्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९९०च्या दशकात त्या उभ्या केल्या. एवढ्या मोठ्या डिशसाठी भक्कम पत्रा परवडला नसता, म्हणून त्यांनी स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. आपल्याकडच्या खाटेची आठवण झाली मला!

आता या डिश ऐकतात काय? बरंच काही, पण मला आवडली ती पल्सारची गोष्ट. मोठा तारा मरतो तेव्हा मागे जो गाभा उरतो, तो एखाद्या शहराएवढा लहान, पण वजनाने सूर्याहून जास्त. तो गरगर फिरतो आणि दीपगृहासारखा रेडिओ लहरींचा झोत फेकतो. काही पल्सार तर सेकंदाला शेकडो वेळा फिरतात, आणि इतके नियमित की त्यांचा पुढचा ठोका कधी येणार हे आधीच सांगता येतं.

म्हणूनच ठोका चुकला की शास्त्रज्ञ कान टवकारतात. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरतात तेव्हा अवकाशातच लाटा उठतात, त्या गुरुत्वीय लहरी. २०१५ साली अमेरिकेतल्या लायगोने पकडलेल्या लहरी आखूड होत्या. (आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ होणारी लायगो-इंडिया त्याच जातीची.) या लांब लहरींची मात्र एकेक लाट पुढे सरकायला कित्येक वर्षं घेते. ती जाताना पल्सारचे ठोके सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळाने पुढे-मागे होतात. तेवढंच मोजायचं, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा.

इथे खोडदचं काम सुरू होतं. पल्सार आणि आपल्यामध्ये विरळ वायू आहे, त्यातले सुटे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना उशीर करतात. कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरींना जास्त उशीर. वरातीत पोरं पुढे नाचत निघून जातात आणि आजोबा मंडळी मागून येतात ना, तसंच. हा उशीर बदलत राहतो, आणि नीट वजा केला नाही तर वायूची गडबड गुरुत्वीय लहर समजून बसायचो. कमी फ्रीक्वेन्सीवर हा उशीर ठळक दिसतो, आणि तिथेच जीएमआरटी तरबेज. भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांच्या 'इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे' गटाने इथून काही वर्षं घेतलेली मापं युरोपच्या जवळपास २५ वर्षांच्या मापांना जोडली गेली. २९ जून २०२३ ला निकाल जाहीर झाला: विश्वात अशा लांब लहरींची सतत गुणगुण चालू असल्याचा पुरावा मिळतोय. त्याच सुमारास अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनचे गटही आपापले निकाल घेऊन आले. शास्त्रज्ञ अजून 'पुरावा' म्हणतात, 'शोध' म्हणत नाहीत. माणसं सावध आहेत, आणि मला ते आवडलं.

मग रेल्वेचं काय? पल्सारची हाक इतकी क्षीण असते, की समजा चंद्रावर कोणी साधा मोबाइल चालू ठेवला, तर खोडदच्या दुर्बिणीला तो पल्सारपेक्षा कितीतरी ठळक 'दिसेल'. हे वाचून मी हातातल्या फोनकडे जरा संशयाने पाहिलं. डोंगरांनी वेढलेली ही शांत जागा मुद्दाम निवडली होती. तिथून विजेवरची रेल्वे धावू लागली तर ठिणग्या आणि सिग्नलचा गोंगाट आलाच. म्हणून त्या मार्गाला आक्षेप आला आणि रेल्वेने दुसऱ्या मार्गाचा विचार सुरू केला. नारायणगाव, मंचर, संगमनेरकडच्या लोकांनी मात्र जुन्याच मार्गाची मागणी लावून धरली.

खरं सांगू? मला दोन्ही बाजू पटतात. टोमॅटो, द्राक्षं पिकवणाऱ्या भागाला गाडी हवी, यात चूक काहीच नाही. पण दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि नेली तरी तेवढी शांत जागा आता मिळायची कुठे? रुळांना वळसा घालता येतो. तो वळसा नेमका मावशीच्या गावावरून जाऊ नये, एवढंच तिचं दुखणं आहे, आणि त्याची भरपाई तिला कोणी देऊ केलेली नाही. लहरींचं कौतुक करताना हे आपण पटकन विसरतो.

हे सगळं मी मावशीला फोनवर समजावलं. ती शांतपणे ऐकत होती. कृष्णविवरं, वरात, सगळं. मग म्हणाली, "म्हणजे एक लाट यायला इतकी वर्षं लागतात?"

"हो, कधी कधी दहा-वीसही."

"आमच्या रेल्वेसारखंच की गं."

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन भरतं, शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. यंदा मावशीकडे उतरून जायचं ठरवलंय. आवारात फोन बंद ठेवावा लागतो, तेव्हा त्या दिवशी माझे मेसेज आले नाहीत तर काळजी करू नका. आणि हो, चाकणमार्गेच जाणार आहे.