जुन्या इंजिनाला नवा दम

पळताना धाप का लागते? शरीराला जास्त हवा हवी असते. ट्रकच्या इंजिनाचंही तसंच!

अमेरिकेत १९८९ साली डॉज पिकअप ट्रकला कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन बसवलं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत हवा कोंबणारा टर्बो त्याला होता. पण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा सिलिंडरमध्ये कमी मावते. म्हणून १९९१ मध्ये हवा गार करणारा इंटरकूलर आला.

हौशी मालक तो १९८९च्या गाडीलाही बसवतात. जास्त हवेत जास्त डिझेल जळतं, ताकद वाढते. मात्र जास्त ओझं ओढायचं तर क्लच नि ब्रेकही भक्कम हवेत. नाहीतर गाडी उतारावर थांबणार कशी?

आता सायकलमध्ये पंपाने हवा भरून पाहा. सांगा बरं, पंपाचं कुठलं टोक जास्त तापतं?